समाजशास्त्र, पण…

मुलाखतीला आलेली मुलगी खुर्चीत नीट टेकायच्या आतच म्हणाली, “तशी माझी डिग्री समाजशास्त्राची आहे, पण मला एक्सेल चांगलं येतं.” कोणी काही विचारलंही नव्हतं. टेबलाच्या अलीकडे आम्ही तिघं: एक सॉफ्टवेअरवाला, एक एचआरवाली आणि मी. आमचा गट दवाखान्यांना लागणारी सॉफ्टवेअरं बनवतो, आणि ती वापरताना माणसं नेमकी कुठे अडखळतात हे शोधायचं काम माझ्याकडे आहे. त्याच कामात मला हाताखाली कोणीतरी हवं होतं. त्या खोलीत समाजशास्त्राच्या पदवीत काय असतं हे माहीत असलेली मी एकटीच. आणि मी तिला काय विचारावं? “पिव्होट टेबल करता येतं का?” तिला येत होतं. मग सॉफ्टवेअरवाल्याने दोन प्रश्न विचारले, एचआरवालीने ‘पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता’ हा ठेवणीतला विचारला, आणि शेवटी रीत म्हणून “तुम्हाला काही विचारायचंय?” असंही झालं. ती जरा थांबली. आम्ही नमुना म्हणून दाखवलेला फॉर्म अजून तिच्या हातातच होता. म्हणाली, “हा अभिप्राय तुम्ही डिस्चार्जच्या वेळी भरून घेता ना? मग जे मधेच उठून निघून गेले, ते यात कुठे सापडतात?” एचआरवाली हसून म्हणाली, “छान प्रश्न,” आणि तिने फाइल मिटली. मुलीने सर्टिफिकेटांचं प्लॅस्टिकचं फोल्डर उचललं. त्याचं बटण लागेना. तिने दोनदा दाबून पाहिलं, तिसऱ्यांदा दाबलं, आणि तसंच उघडं फोल्डर छातीशी धरून ती गेली.

पंचवीस मिनिटांत आटपलं सगळं.

रात्री मला तिचा चेहरा धड आठवत नव्हता, पण तो ‘पण’ काही जाईना. मी त्याला चांगली ओळखते. वीस वर्षांपूर्वी तो माझ्याच तोंडी होता, फक्त माझ्या ‘पण’नंतर एक्सेलऐवजी टायपिंग यायचं. त्या ‘पण’च्या अलीकडे तीन वर्षांचं शिक्षण असायचं आणि पलीकडे तीन महिन्यांचा क्लास, आणि समोरचा माणूस पलीकडचं तेवढं ऐकून मान डोलवायचा. नातेवाइकांपुढे तर ‘पण’लाही वाव नसायचा. आत्या म्हणायची, “समाजशास्त्र म्हणजे समाजसेवाच ना गं?” समाजकार्याची पदवी वेगळी, तिच्यात प्रत्यक्ष माणसांबरोबर काम करायचं शिकवतात आणि आमचा विषय वेगळा, हे मी पहिल्या दोन-चार वेळा समजावून सांगितलं. नंतर “हो” म्हणायला लागले. काका थेट निकालावर यायचे: “मग शिक्षिका हो.” त्यांचंही चुकत नव्हतं. हा विषय शिकलेलं दुसरं कोणी त्यांनी पाहिलंच नव्हतं, आणि मीही नव्हतं. आम्हाला शिकवणारे सर सोडले तर समाजशास्त्रावर पोट भरणारा एकही माणूस माझ्या ओळखीत नव्हता. खरं सांगायचं तर मी हा विषय घेतला तो गणित टाळायला. वर्गातल्या अर्ध्याजणींनी त्यासाठीच घेतला होता. आणि पुढे ज्यांना ज्यांना त्यात काम मिळालं, त्या सगळ्याजणी टक्केवाऱ्या काढत बसल्या.

नावाच्या पाटीचं हे दुखणं आमच्या विषयाला जन्मापासूनचं आहे, हे मला फार उशिरा कळलं. ‘सोशिऑलॉजी’ हा शब्द ज्याने रूढ केला, त्या ऑग्यूस्त कोंतला विद्यापीठात प्राध्यापकी कधीच मिळाली नाही. तो गणिताच्या शिकवण्या करायचा, एका तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश-परीक्षक म्हणून काम करायचा, आणि १८४४ मध्ये ते परीक्षकाचं कामही गेल्यावर चाहत्यांच्या मदतीवर राहिला. म्हणजे समाजशास्त्राची पहिली बेकारी शब्दाच्या जन्मदात्याच्याच वाट्याला आली. या विषयाचा पाया घालणाऱ्यांतल्या एमिल द्युर्केमला १८८७ मध्ये फ्रान्समध्ये बोर्दोला नोकरी लागली ती होऊ घातलेल्या शिक्षकांना शिक्षणशास्त्र शिकवायला. समाजविज्ञान त्याला जोडून होतं. पुढे तो पॅरिसला गेला तेव्हाही त्याचं पद शिक्षणशास्त्राचंच. त्या पदाच्या नावात ‘समाजशास्त्र’ हा शब्द यायला १९१३ साल उजाडलं, तोवर त्याची महत्त्वाची पुस्तकं लिहून झाली होती. आणि समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन! मनोरुग्णांच्या एका प्रचंड इस्पितळात १९५५-५६ मध्ये तो वर्षभर वावरला. रुग्णांचा दिवस कसा जातो, किल्ल्या कुणाच्या कमरेला असतात, स्वतःची वस्तू ठेवायला माणूस कुठला कोपरा शोधतो, हे पाहत. तिथे त्याची ओळख काय होती? खेळ-व्यायामाच्या प्रमुखाचा मदतनीस. हे वाचलं तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले होते. त्या आठवड्यात माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर ‘डेटा एंट्री (तात्पुरती)’ असं लिहिलेलं होतं.

ते तात्पुरतं काम मिळायच्या आधीचे नऊ महिने मी काहीच करत नव्हते. म्हणजे अर्ज करत होते, पण अर्ज करणं हे काम आहे असं घरात कोणी मानत नाही, आणि काही दिवसांनी आपणही मानत नाही. त्या दिवसांतली एक गोष्ट मला लख्ख आठवते. वाचनालयात जायच्या रस्त्यावर मी हळूहळू चालायला लागले होते. आधी दहा मिनिटांत व्हायचा तो रस्ता पंचवीस मिनिटं पुरायचा. मी भिंतीवरच्या जाहिराती वाचायचे, बंद दुकानांच्या कुलपांकडे बघायचे, कुणी रस्त्यात थांबून बोलत असलं तर मीही थांबायचे. आणि त्याच वाचनालयात, अभ्यासाची म्हणून नव्हे तर वेळ जावा म्हणून काढलेल्या एका पुस्तकात, मला मारिएनताल भेटलं. व्हिएन्नाजवळचं छोटं गाव. तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव एकदम बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझल यांनी १९३१-३२ मध्ये त्या गावाचा अभ्यास केला. त्यांनी माणसांना प्रश्न विचारले ते होतेच, पण खिडकीआड उभं राहून रस्त्यावरून जाणाऱ्यांचा वेगही मोजला. बायका भराभर जात, कारण घरातलं काम गिरणीबरोबर बंद पडलं नव्हतं. पुरुष मात्र रेंगाळत, पुन्हापुन्हा थांबत. बहुतेकांनी घड्याळ वापरणं सोडलं होतं. वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं होतं, वेळ भरपूर आणि फी माफ असूनही. दिवसभर काय केलं याचा तक्ता लिहायला सांगितला तर एकाने मधल्या तासांपुढे लिहिलं होतं, ‘तोवर दुपार होते.’

तोवर दुपार होते.

पुस्तक मिटून मी घरी निघाले तेव्हा मुद्दाम भराभर चालले. चारशे-पाचशे पावलं जमलं असेल. पण त्या दिवसापासून एक बदल झाला. माझं हळू चालणं हा माझा आळस आहे असं घरच्यांबरोबर मीही मानत होते, ते थांबलं. नोकरी मिळाली नाही ती नाहीच. मात्र आपल्याला जे होतंय ते आपल्या एकट्याच्या स्वभावातून आलेलं नाही, हे कळण्यात एक विचित्र दिलासा असतो. बेकारीत समाजशास्त्राचा उपयोग काय, तर बेकारी समजते. हे मी विनोद म्हणून सांगते, आणि ऐकणारेही हसतात. मी अर्धीच हसते.

नोकरी मिळाली तीही पुस्तकात लिहिल्यासारखीच. जिवलग मैत्रिणी माझ्यासाठी जिवाचं रान करत होत्या, पण त्यांना ठाऊक असलेल्या जागा मलाही ठाऊकच असायच्या. आम्ही एकच जाहिराती वाचत होतो. जागा कळली ती एका वर्गमैत्रिणीच्या दिराकडून, ज्याला मी आयुष्यात दोनदा भेटले होते, आणि त्यातल्या एका भेटीत तर आम्ही बोललोही नव्हतो. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रानोव्हेटरने अमेरिकेत बॉस्टनच्या एका उपनगरात नोकरी बदललेल्या माणसांना नेमकं हेच विचारलं होतं: जागेची खबर ज्याच्याकडून कळली, त्याला तुम्ही तेव्हा किती वेळा भेटत होता? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांत नेहमी भेटणाऱ्याकडून कळलेले १६.७ टक्के, अधूनमधून भेटणाऱ्याकडून ५५.६ टक्के आणि क्वचित भेटणाऱ्याकडून २७.८ टक्के. चोपन्न जणांवरचा हिशेब, फार मोठा नव्हे. तरी १९७३ च्या त्या लेखाने ‘विरळ ओळखीं’ना जी प्रतिष्ठा दिली ती टिकली. हाच लेख आधी एका नियतकालिकाने नाकारला होता, हे कळल्यावर तो मला जास्तच आवडायला लागला. आपल्या जवळची माणसं आपल्याच वर्तुळात फिरतात, खबर बाहेरून येते. माझ्यापुरती ती दिराच्या रूपाने आली.

ओळखपत्रावर ‘डेटा एंट्री’ असलं तरी काम होतं घरोघर जाऊन प्रश्नावली भरायचं. पाठीवर पिशवी, पिशवीत कोरे फॉर्म, आणि फॉर्म भरताना खाली धरायला एक पुठ्ठ्याचं पॅड, ज्याची क्लिप पहिल्याच आठवड्यात सैल झाली. ‘करिअर’ हा शब्द उच्चारताना डोळ्यांपुढे येतं त्यातलं काहीही तिथे नव्हतं. पण मी जे शिकले ते बहुतेक तिथेच. एका घरात एक बाई उंबऱ्यात बसून माझ्याशी बोलत होती. मांडीवर शर्टांचा ढीग. ती एकेका शर्टाला गुंड्या लावत होती: सुई खालून वर, दोन फेरे, गाठ, दात लावून दोरा तोडायचा, पुढचा शर्ट. मी विचारलं, “तुम्ही काय काम करता?” “मी? काही नाही. घरीच असते.” हात थांबले नाहीत. मी ‘काही नाही’वर खूण करून पुढे जायला मोकळी होते, फॉर्मला तेवढंच हवं होतं असं मला वाटत होतं. पण पुढचा प्रश्न छापील होता आणि तो मला तसाच वाचायची सक्ती होती: गेल्या सात दिवसांत मोबदल्यासाठी निदान एक तास तरी काही काम केलंत का? जगभरातल्या रोजगाराच्या पाहण्यांत हा एका तासाचा निकष वापरतात. तिने शर्टांकडे पाहिलं. “याचे मिळतात की. पण हे कुठं काम?”

तिच्याही बोलण्यात एक ‘पण’ होता, हे मला आत्ता लिहिताना दिसतंय.

तो प्रश्न ज्याने बनवला त्याचं नाव मला माहीत नाही. पण ‘काम करता का’ या साध्या प्रश्नाने लाखो बायका आकड्यांतून गळून पडतात हे कुणाच्या तरी आधी लक्षात आलेलं होतं, आणि त्याने वाक्य बदललं होतं. नोकरी म्हणून पाहायला गेलं तर एवढंच काम, एक वाक्य बदलायचं. मला तेव्हा वाटलं, आपल्याला हे करायचंय. पाटी काय असेल ती असो.

आता कुणाच्या मुला-मुलींना मार्गदर्शन करायची वेळ आली की मला तयार याद्या पाठवल्या जातात. समाजशास्त्रानंतर काय: एचआर, बाजार-संशोधन, यूएक्स रिसर्च (म्हणजे एखादी वस्तू वापरताना माणसं कुठे अडतात याचा अभ्यास), सार्वजनिक आरोग्य, पत्रकारिता, स्वयंसेवी संस्था, धोरण-संशोधन, शहर-नियोजन, कायदा, अध्यापन. यादी खोटी नाही. आमच्या वर्गातल्या मुली यातल्या निम्म्या खान्यांत सापडतील. पण यादी एक गोष्ट लपवते. यातल्या एकाही दारावर फक्त आपलीच रांग नाही. एचआरच्या दारात व्यवस्थापनवाले उभे आहेत, बाजार-संशोधनात संख्याशास्त्रवाले, यूएक्समध्ये डिझाइन आणि मानसशास्त्रवाले, आणि त्यांच्या पदव्यांची नावं समोरच्याला ऐकून माहीत आहेत. दुसरी सवय मोठी नावं सांगायची. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९४८ मध्ये समाजशास्त्रात पदवी घेतली, मिशेल ओबामा यांनी १९८५ मध्ये. हो, घेतली. मग एक धर्मशास्त्र शिकायला गेले आणि दुसऱ्या कायदा. ही माहिती द्यायची तर पुरती द्यावी. नुसत्या बीएवर मुलांना सोडून ‘आकाश मोकळं आहे’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. सोबतीला दुसरं काहीतरी लागतं: संख्याशास्त्र, एसपीएसएस किंवा आर यांसारखं आकडेवारीचं सॉफ्टवेअर, एखादी जास्तीची भाषा, नाहीतर निदान सरळ आणि थोडक्यात लिहिता येणं. एक्सेलही त्यातलंच. ती मुलगी चुकीचं काही बोलली नव्हती. एक्सेल हवंच. मला टोचलं ते तिने काय ‘पण’च्या कुठल्या बाजूला ठेवलं, ते.

माझ्या आत्ताच्या कामातला एक प्रसंग सांगते, म्हणजे मला काय म्हणायचंय ते दिसेल. एका दवाखान्याची तक्रार होती की पुन्हा तपासणीची तारीख दिलेले पुष्कळ रुग्ण येतच नाहीत. आठवणीचे मेसेज जात होते. आमच्या सॉफ्टवेअरवाल्यांचं म्हणणं, एकाऐवजी दोन मेसेज पाठवू. डॉक्टरांचं म्हणणं, लोकांना गांभीर्य नाही. आणि खिडकीवरच्या बाईंचं म्हणणं, “नेहमीचंच आहे हो ते.” ‘नेहमीचंच’ म्हटलं की माझे कान टवकारतात, ती सवय मला डायन व्हॉनने लावली. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान उडाल्यावर ७३ सेकंदांत फुटलं आणि सात जण गेले. रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी थंडीत दगा देऊन गेली, हे लवकरच कळलं. व्हॉन समाजशास्त्रज्ञ. तिने जवळपास दशकभर कागद उपसले. कुणीतरी नियम मोडला असणार, असं धरूनच तिने सुरुवात केली होती. निघालं उलटंच. माणसं नियमाप्रमाणेच वागत होती. कडीची झीज आधीच्या उड्डाणांतही दिसली होती, दर वेळी यान सुखरूप परतलं होतं, आणि दर वेळी तेवढी झीज ‘चालण्यासारखी’ ठरत गेली होती. विचित्र गोष्टच हळूहळू नेहमीची झाली. २००३ मध्ये कोलंबिया यानाचा घात झाला तेव्हा चौकशी मंडळाने तिला बोलावून घेतलं. यानाच्या अपघाताचा अहवाल लिहायला समाजशास्त्रवाली! ही गोष्ट मी काकांना सांगितली असती, पण तोवर ते ऐकण्यापलीकडे गेले होते.

तर मी त्या दवाखान्यात चार दिवस नुसती बसले. प्रतीक्षालयातल्या बाकाचा एक पाय आखूड होता. कोणी उठलं-बसलं की सगळा बाक हलायचा आणि सगळे एकमेकांकडे बघून हसायचे, त्यामुळे बोलणं आपोआप सुरू व्हायचं. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या आजींनी आपला कागद मला वाचायला दिला. मी म्हटलं, “आजी, तुमची तारीख मागच्या आठवड्यातली होती. मेसेज आला नाही?” त्या म्हणाल्या, “माझ्याकडं कुठला फोन? नंबर नातवाचा लिहिलाय. तो असतो दुसरीकडं.” मग मी खिडकीपाशी उभी राहून पाहिलं. “फोन नंबर सांगा” म्हटल्यावर ज्याच्या हातात फोन असेल तो आपला सांगून मोकळा होत होता: सोबत आलेला भाचा, शेजारी, एकदा तर गाडी चालवणारा. मेसेज वेळेवर पोचत होते. रुग्णाला पोचत नव्हते. आम्ही फॉर्मवर एक रकाना वाढवला, ‘हा नंबर कोणाचा?’, आणि त्याखाली दुसरा, ‘तुम्हाला तपासणीला कोण घेऊन येतं?’ म्हणजे तारीख देताना आणणाऱ्यालाही विचारता येईल. मोठा शोध वगैरे नव्हे. त्यासाठी पदवी लागते का? सॉफ्टवेअरवाल्याने मला हे तोंडावर विचारलं होतं, आणि मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. गुंड्या लावणाऱ्या बाईचं सांगावं असं वाटलं होतं. मीटिंग संपत आली होती, म्हणून राहून गेलं.

मुलाखतींचा निकाल लागला. ती मुलगी दुसरी आली. पहिल्या आलेल्या मुलाने नोकरी स्वीकारली, आणि तो चांगला आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. गुण देताना मी तिला टेबलावरच्या बाकीच्या दोघांपेक्षा जास्त दिले होते, पण शेऱ्याच्या जागी ‘एक्सेल उत्तम’ एवढंच लिहिलं होतं. तिचा शेवटचा प्रश्न मी लिहिलाच नाही. का नाही लिहिला? बाकीच्या दोघांना तो प्रश्न कळेल असं वाटलं नाही, आणि माझ्या बाजूची म्हणून मी तिला पुढे करतेय असं दिसेल, हीही धास्ती होती. वीस वर्षं झाली तरी मी अजून त्या खोलीत ‘पण’ म्हणतच बसलेय.

पुढच्या आठवड्यात मी एचआरवालीकडे गेले. ऑनलाइन अर्जात ‘पदवीचा विषय’ म्हणून जी यादी उघडते, तिच्यात समाजशास्त्र नव्हतं. ती मुलगी ‘इतर’मधून आली होती. मी तो विषय घालायला सांगितला. ती म्हणाली, “एकेक घालत बसलं तर यादी संपायचीच नाही,” पण घातला. ‘समाजशात्र’ असा. मी परत दुरुस्तीला पाठवलाय.

आणि मग मला आठवलं, एका सार्वजनिक आरोग्याच्या पाहणीसाठी माणसं हवी आहेत असं मध्यंतरी कुणीतरी बोललं होतं. कोण, तेही चटकन आठवेना, इतकी पुसट ओळख. शोधून काढली, आणि त्या मुलीला मेल लिहिली. मी तिला एकदाच पंचवीस मिनिटं भेटलेली, तेही टेबलाच्या या बाजूने. जागा तात्पुरती आहे, फिरायचं काम आहे, पैसे बेताचे आहेत, हे सगळं आधीच लिहिलं. शेवटी लिहिलं की मधेच उठून निघून गेलेल्यांबद्दल तुम्ही विचारलं होतंत, त्याचं उत्तर आमच्याकडे नाही. ते यात कुठेच सापडत नाहीत.

तासाभरात उत्तर आलं. आभार एका ओळीत, आणि खाली प्रश्न: “लोकांच्या घरी आपण कोणत्या वेळेला जातो? कारण दुपारी गेलो तर कामावर जाणारे कोणीच भेटणार नाहीत ना?”